हेडसेट घ्या, पण कान लावू नका

अभिनंदन! तुमच्या ऑफिसनं पण वायरलेस हेडसेट घ्यायचं मनावर घेतलंय म्हणे. आमच्या इथं, सांगलीत मार्केट यार्डाजवळ, हे शुभकार्य नुकतंच पार पडलंय, अनुभव ताजा आहे आणि कान अजून दुखतायत, म्हणून म्हटलं चार सल्ले देऊन टाकावेत. फुकट आहेत, जीएसटी पण नाही.

पहिलं म्हणजे, ज्या माणसाला तो हेडसेट दिवसभर डोक्यावर घालून बसायचंय त्याला चुकूनही विचारायचं नाही. त्याला काय कळतंय त्यातलं? निवड कुणी करायची, तर ज्याचे फोन दुसराच कुणीतरी उचलतो त्यानं. आमच्याकडं मालक, मालकांचे मेव्हणे आणि दिवाणजी अशी कमिटी बसली होती. तिघंही स्पीकर चालू करून बोलणारे, त्यांचा फोन आला की समोरच्या गाळ्यातल्या हमालाला पण भाव कळतो. हेडसेटबद्दल यांच्याइतकं निःपक्षपाती मत कोण देणार?

मग कोटेशन मागवा. तीन लागतात. एकाच दुकानदारानं तीन लेटरहेडवर दिली तरी हरकत नाही, फाइल जाड दिसली म्हणजे झालं. एक हेडसेट गाणी ऐकायचा, एक पोरांचा गेम खेळायचा, लाल-निळे दिवे लागणारा, आणि एक खरंच ऑफिसात बोलायचा, माइकची दांडी तोंडापुढं येणारा, असा तीन जातींचा माल असला तरी कागदावर 'वायरलेस हेडसेट' एवढंच येतंय ना, मग सगळे सारखेच की. सगळ्यात खालचा आकडा बघा, गोल करा, सही घ्या. हळद घेताना मात्र असं करू नका हां. तिथं हळकुंड मोडून बघायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा, मगच बोली. हेडसेट काय, प्लास्टिकच आहे.

बॉक्सवरचं सगळं खरं धरा. ४० तास बॅटरी लिहिलंय? मग ४० तासच. ते नुसती गाणी ऐकायचे तास असतात, बहुतेक वेळा नॉइज कॅन्सलिंग बंद आणि आवाज मध्यम ठेवून मोजलेले, आणि बोलायचे तास खाली मुंगीएवढ्या अक्षरात असतात किंवा नसतातच, असल्या चांभारचौकशा करायच्या नाहीत. १० मीटर रेंज लिहिलंय? ती मोकळ्या जागेतली. तुमचं ऑफिस मोकळ्या जागेत असेल तर प्रश्नच मिटला. आमच्यात मधे भिंत आहे, लोखंडी कपाट आहे, सॅम्पलच्या गोण्या आहेत, आणि कपाटापुढं कायम कोण ना कोण उभा असतो. माणसाच्या अंगात पाणीच जास्त आणि हेडसेटच्या रेडिओ लहरी पाण्यात जिरतात, त्यामुळं दिवाणजी उठून उभे राहिले की माझा आवाज तुटतो. दिवाणजींचा आकार बघता यात नवल काही नाही.

ट्रायल घ्यायचीच असेल तर दुकानात, एसीत, गाणं लावून घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो. गाणं लावलं की आवाज झकास येतो, बेस धडधडतो, मेव्हणे मान डोलवतात, झाली निवड. आता यातली गंमत अशी की ब्लूटूथचे रस्तेच दोन आहेत. गाणं येतं ते एका रस्त्यानं, स्टिरिओ, भरदार, पण एकेरी, नुसतं ऐकायचं. तुम्ही माइक चालू केला की हेडसेट तो रस्ता सोडतो आणि हँड्स-फ्री नावाच्या दुसऱ्या रस्त्याला लागतो, तिथं आवाज जायला पण पाहिजे आणि यायला पण पाहिजे, म्हणून दोन्हीकडून कातरलेला. कित्येक पीसीवर एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री, ती यामुळंच. जुन्या पद्धतीत सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं पलीकडं काहीच जात नाही. १६,००० वाली पद्धत २०११ पासून आहे, पण ती हेडसेटमध्ये पण पाहिजे आणि पीसीत पण पाहिजे, दोघांतला एक जरी जुना निघाला की परत ८,०००. २०२० मध्ये एलई ऑडिओ नावाची ब्लूटूथची नवी पद्धत जाहीर झाली, त्यात हे दुखणं बरंच कमी व्हायची सोय आहे, पण सगळ्यात खालच्या कोटेशनमध्ये ते बघायला मिळेल तेव्हा मी रिटायर झालेलो असेन. आणि आपल्या तोंडातला 'स' आहे ना, त्याची सळसळ बरीचशी त्या ४,००० च्या वरच असते.

आता ऐका. आमचे सगळे फोन हल्ली पीसीवरनंच होतात. परवा मी कोल्ड स्टोरेजला फोन करून सांगितलं, राजापुरी हळदीची साठ पोती बाहेर काढून ठेवा, गाडी निघालीय. तिकडच्या माणसानं परत म्हणून दाखवलं, आठ पोती, आणि मला ते साठच ऐकू आलं, कारण त्याच्या पण कानाला तसलाच डबा, स येतच नाही म्हटल्यावर आठ पण तसंच आणि साठ पण तसंच, आपल्या मनात जे असतं तेच ऐकू येतं. गाडी पोचली. दारात आठ पोती. बाकीची आत थप्पीत, हमाल जेवायला गेलेले, गाडी उन्हात उभी, हुंडेकऱ्याचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवल्याचं भाडं, सुरू, पार्टीचा फोन, मालकांचा फोन, मेव्हण्यांचा विनाकारण फोन, आणि दिवाणजी मला म्हणतात काय, तर जरा स्पष्ट बोलत जावा. स्पष्ट! अहो, जो आवाज ते यंत्र पुढं पाठवतच नाही तो मी घशातनं किती जोरात काढू? घसा फोडून बोललो असतो तरी जोरात 'आठ'च गेलं असतं! वर परत, व्हॉट्सॅपवर टाकायचं होतं की. हो का? मग हेडसेट कशाला घेतले, गळ्यात घालून फोटो काढायला? घेतले त्या दिवशी काढलेत तसे फोटो, मालकांच्या स्टेटसला होते.

असो. सल्ल्यांकडं वळू.

नॉइज कॅन्सलिंग लिहिलेलं दिसलं की डोळे झाकून घ्या. ते तुमच्या कानासाठी असतं, समोरच्याच्या नाही, हे कुणाला सांगू नका. पंख्याची घरघर, एसीचा, जनरेटरचा एकसुरी आवाज ते छान खातं. माणसांची बडबड त्याला तेवढी पचत नाही. आणि समोरच्याला काय ऐकू जातंय ते ठरतं माइकवर, माइक तोंडापासून किती लांब आहे त्यावर. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो. दांडीवाला माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर असतो, आणि आमचा देखणा बिनदांडीचा, त्याचा माइक कानाच्या वाटीत, म्हणजे तोंडाला जेवढा जवळ तेवढाच शेजारच्या टेबलाला जवळ. फायदा असा झाला की सौदे चालू असले तरी मला यार्ड ऐकू येत नाही, म्हणून मी निवांत बोलतो, आणि पार्टीला मी सोडून आख्खं यार्ड ऐकू जातं. बोली, हमालांच्या हाका, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं पीं पीं. एकदा तर पार्टीनं मलाच सांगितलं की तुमच्या इथं आज भाव चढलाय वाटतं!

सगळ्या स्टाफला एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये हेडसेट वाटा. ब्लूटूथ, वायफायचा जुना पट्टा, वायरलेस माउस, चहा गरम करायचा मायक्रोवेव्ह, सगळे २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास नांदतात. ब्लूटूथ बिचारं गर्दी चुकवत ७९ चॅनेलवरनं सेकंदाला १,६०० उड्या मारतं, पण उडी मारायला जागा तरी पाहिजे ना.

हेडसेटचा डोंगल, म्हणजे पीसीत खुपसायचा तो छोटा तुकडा, सीपीयूच्या मागं, भिंतीकडच्या बाजूला, निळ्या यूएसबीत, बॅकअपच्या हार्डडिस्कला चिकटून लावा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, हे जगाला २०१२ पासून माहिती आहे, आपल्याला कशाला पाहिजे? हातभर एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर घेतला तर निम्मी कटकट जाते म्हणे, पण त्या वायरीला कोटेशन कोण देणार?

कुणाचा पाहुणा परदेशातनं येत असेल तर त्याच्याकरवी डेक्टवाला, म्हणजे कॉर्डलेस फोनच्या पद्धतीवर चालणारा, सेट मागवा. तो ब्लूटूथच्या गर्दीत नसतो, युरोपातला १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतो आणि अमेरिकेतला १९२० ते १९३० वर. इथं बिनतारी वस्तूला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीची मंजुरी लागते असला कागदी घोळ पाहुण्याला सांगू नका, घाबरायचा.

कानावरच्या गाद्या चकचकीत रेक्झिनच्याच घ्या, एप्रिलमध्ये कान उकडून निघतात आणि पुढं त्याचे काळे पापुद्रे गालाला चिकटतात. आमच्या तर हळदीच्या धुरळ्यानं पिवळ्या पण झाल्यात. सुट्ट्या गाद्या मिळतात का हे विचारायचं नाही.

चष्मेवाल्यांचा विचार करू नका.

म्यूटचं बटण मीटिंगच्या अ‍ॅपशी जुळत नसेल तर उत्तमच. आमच्यातला एकजण हेडसेटचं बटण दाबून 'लई चेंगट पार्टी आहे' म्हणाला. ते बटण गाणं थांबवायचं होतं.

आता बास झालं. इथनं पुढं आमच्या कमिटीशीच सरळ बोलतो, राग आला तर येऊ दे.

अहो, एवढे नग एकदम उचलायच्या आधी दोन मागवायला काय जात होतं तुमचं? दोन नग आणायचे, जो दिवसभर फोनवर असतो त्याच्या डोक्यावर सकाळी घालायचे आणि संध्याकाळी काढायचे. सौदे ऐन रंगात असताना, पंखे चालू, सगळे बोलत असताना फोन लावायचा, आणि आवाज रेकॉर्ड करायचा तो पलीकडच्या बाजूला, आपल्या नाही. मग तो रेकॉर्ड मालकांनी स्वतः ऐकायचा, कानात घालून, स्पीकरवर नाही. साठ, आठ, बासष्ट, पासष्ट असे आकडे म्हणायचे आणि तिकडच्यानं लिहून घ्यायचे. कपाटामागं चालत जाऊन बघायचं. चार्ज करून सोडून द्यायचं आणि बोलता बोलता कधी बंद पडतो ते घड्याळात बघायचं. यातलं एक तरी काम केलं का कुणी? गाणं लावून माना डोलवल्या आणि चहा पिऊन आलात!

आणि ज्यांना खुर्ची सोडून उठायचंच नसतं त्यांना वायरलेस कुणी मागितला होता? यूएसबीची वायर असलेला, दांडीच्या माइकचा साधा हेडसेट द्यायचा त्यांना, त्याला ना चार्जिंग ना पेअरिंग, आणि तो ब्लूटूथच्या रस्त्यानं जातच नाही. वायरलेस द्यायचा तो गोडाऊनला ये-जा करणाऱ्या दोघा-तिघांना, आणि तो नीट द्यायचा. खर्च आहे एवढाच झाला असता. पण नाही, सगळ्यांना एकसारखं पाहिजे, फोटोत बरं दिसतं!

आणि गाडीचं ते हॉल्टिंग त्या सगळ्यात खालच्या कोटेशनमध्ये मिळवा, बेरीज करून बघा. माझ्या पगारात हात घालायचा नाही.