जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होत नाही

‘रोज तीस वेळा भराभर, जोरात श्वास घ्या. रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होतो, कार्बन डायऑक्साइडचं विष निघून जातं. बोटांना मुंग्या आल्या की समजा, ऑक्सिजन पेशीपेशीत पोहोचला.’ अशा आशयाचा मेसेज सतत फिरत असतो. पाण्यात बुडी मारण्याआधी हे केलं तर दम जास्त टिकतो, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. एकेक दावा पाहू.

दुप्पट ऑक्सिजनचा आधी हिशोबच मांडू. निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तात साधारण 15 ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, असतं आणि पूर्ण भरलेलं एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. म्हणजे कमाल 20 मिलिलिटर. शांत बसलेल्या माणसात यातलं 97-98 टक्के आधीच भरलेलं असतं. उरलेलंही भरलं, तरी भर पडते जेमतेम अर्ध्या मिलिलिटरची. प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, विरघळलेला ऑक्सिजन तर अवघा 0.3 मिलिलिटर, भराभर श्वासाने फुप्फुसांच्या वायुकोशातला त्याचा दाब 100 वरून 130 मिलिमीटर पाऱ्यावर नेला तरी तो 0.4 होतो.

ही मर्यादा प्रथिनाच्या घडणीतच आहे. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात: 141 अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि 146 अमिनो आम्लांच्या दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या घडीत एक हीम, हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू आणि त्यावर ऑक्सिजनच्या एकाच रेणूला जागा. चार जागा भरल्या की पाचवी नाही.

कार्बन डायऑक्साइड विष आहे, हा दावा जास्त घातक. हा वायू फार साठला तर त्रास होतो हे खरं, पण रक्तातली त्याची नेहमीची पातळी शरीराला हवीच असते. त्याचा बराचसा भाग बायकार्बोनेटच्या रूपात वाहून नेला जातो आणि तो तयार होताना हायड्रोजन आयन सुटतात. ऊतींमध्ये हे आयन बीटा साखळीच्या अगदी टोकाच्या, 146 व्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाला चिकटतात. मग त्या हिस्टिडिनचा त्याच साखळीतल्या 94 व्या अमिनो आम्लाशी, अ‍ॅस्पार्टेटशी, विद्युतभारांचा बंध जुळतो, रेणू ‘ताठ’ रूपात स्थिर होतो आणि ऑक्सिजनवरची पकड ढिली पडते. डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ख्रिश्चन बोर आणि सहकाऱ्यांनी 1904 मध्ये दाखवलेला बोर परिणाम तो हाच. भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड उडवून लावला की पकड उलट घट्ट होते आणि ऑक्सिजन ऊतींना सहज मिळत नाही. शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथला रक्तपुरवठा घटतो. चक्कर येते ती त्यामुळे.

मुंग्यांचं कारणही हेच. कार्बन डायऑक्साइड घटून रक्त जास्त अल्कधर्मी झालं की अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरचे हायड्रोजन आयन सुटतात आणि त्या जागी कॅल्शियम बसतं. मोकळं कॅल्शियम कमी पडल्यामुळे नसा सहज उद्दीपित होतात. ओठांभोवती, बोटांत झिणझिण्या येतात, कधी पंजा आखडतो. असं झालं की तो प्रकार लगेच थांबवावा आणि श्वास संथ करावा. मुंग्या थांबल्या नाहीत किंवा छातीत दुखू लागलं तर डॉक्टरांकडे जावं.

संथ, खोल श्वासाची गोष्ट वेगळी. एका श्वासातल्या 500 मिलिलिटर हवेपैकी सुमारे 150 मिलिलिटर श्वासनलिकांतच राहते, त्यामुळे उथळ श्वासात वाया जाणारा वाटा वाढतो. म्हणजे श्वास खोल घेणं बरोबरच आहे. चूक आहे ते मेसेजमधलं ‘भराभर’.

बुडीबद्दलची पुस्ती मात्र जीवावर बेतू शकते. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो आधीच उडवून लावला की ही सूचना उशिरा येते; ऑक्सिजनचा साठा मात्र जवळपास तेवढाच असतो. तो संपत येतो, तरी गुदमरल्यासारखं वाटत नाही, आणि माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडतो. पट्टीचे पोहणारेही असे बुडाले आहेत.