खुलासा : ०.२२ मायक्रॉनचा नायलॉन फिल्टर सगळ्याला चालत नाही

बडोद्यातल्या आपल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलांमध्ये एक संदेश फिरतो आहे : ‘०.२२ मायक्रॉनचा नायलॉन सिरिंज फिल्टर घ्या, कुठलाही द्रव गाळा, शंभर टक्के निर्जंतुक.’ दांडिया बाजारात राहणाऱ्या भाचीने मला तो दाखवला. यातलं बरंचसं चुकीचं आहे.

सिरिंजच्या टोकाला लावायच्या या गाळणीच्या पडद्यात ०.२२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रं असतात. त्यांनी बहुतेक जीवाणू अडतात, पण विषाणू पार जातात. जीवाणूंच्या कवचातली विषद्रव्यं आणि विरघळलेले क्षारही जातात. म्हणून असा गाळलेला द्रव कुणी टोचून घेऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

पडद्याचं द्रव्य तर छिद्राइतकंच महत्त्वाचं. नायलॉनला तीव्र आम्ल सोसत नाही, शिवाय त्यावर प्रथिनं चिकटून नमुन्यातून कमी होतात. प्रथिनांसाठी पीईएस (पॉलिइथरसल्फोन) या प्लास्टिकचा पडदा घ्या. सेल्युलोज अ‍ॅसिटेट अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं. सेंद्रिय द्रावकांना पीटीएफई (टेफ्लॉन) उत्तम, मात्र त्याच्या जलरोधक प्रकारातून पाणी न्यायचं तर आधी अल्कोहोलने भिजवावा लागतो. गढूळ द्रव आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, नाहीतर पडदा लगेच तुंबतो. आणि जोर लावू नका : सिरिंज जितकी बारीक, तितका दाब जास्त, पडदा फाटला तरी वरून दिसत नाही.

गाळताना लागणाऱ्या काचेच्या भांड्यांचंही थोडक्यात. ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) १२१ अंश सेल्सिअसला बोरोसिलिकेट ही उष्णता सोसणारी काचच घ्या. निर्वातावर गाळताना जाड भिंतीचा फिल्टर फ्लास्कच हवा, साधा चंबू आत कोसळू शकतो. बीकरवरच्या खुणा अंदाजाच्या असतात, मापाला मोजपात्र वापरा.