‘मॅरियन स्टार’ ही शिडी होती का? एका आक्षेपाला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभारी आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांच्यावरील माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत: ‘मॅरियन स्टार’ हे दैनिक त्यांच्यासाठी सत्तेची निव्वळ शिडी होते, आणि ते नावारूपाला आणणाऱ्या पत्नी फ्लॉरेन्स यांना मी एका वाक्यात गुंडाळले. दुसरा आक्षेप मी निमूटपणे मान्य करतो. वितरणाची घडी त्यांनीच बसवली आणि अंक टाकणाऱ्या मुलांना शिस्त लावली. (त्या मुलांतला नॉर्मन थॉमस पुढे समाजवादी पक्षातर्फे सहा वेळा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला!)

पहिला आक्षेप मात्र पटत नाही. ओहायोतल्या मॅरियन गावचे हे डबघाईला आलेले पत्र हार्डिंग यांनी 1884 मध्ये दोन मित्रांसह 300 डॉलरना घेतले. राज्याच्या सिनेटवर ते निवडून आले 1899 मध्ये, आणि पत्र विकले ते थेट 1923 मध्ये, राष्ट्राध्यक्ष असताना. वर पोहोचल्यावर शिडी कोणी पाठीवर घेऊन हिंडत नाही.

माझ्या मते त्यांना पुढे नेले ते संपादकाच्या सवयीने. जिल्ह्याचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे असल्याने रिपब्लिकन हार्डिंग यांनी दैनिक निःपक्ष ठेवले आणि पक्षाची बाजू साप्ताहिक आवृत्तीत मांडली, त्यामुळे दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती मिळत राहिल्या. शिवाय लहान गावात आज ज्याच्यावर टीका छापली तोच उद्या रस्त्यात भेटतो, म्हणून विनाकारण कोणाचे मन दुखवायचे नाही, ही त्यांची आपल्या बातमीदारांना ताकीदच होती. ओहायोची राजधानी कोलंबसला, विधिमंडळात हेच कामी आले. राज्यातले बडे रिपब्लिकन नेते हॅना आणि फोरेकर यांच्या गटांत पक्ष विभागलेला असताना दोघांनाही चालणारा माणूस म्हणून त्यांचे वजन वाढले, आणि सिनेटरने एकच मुदत भोगावी असा रिवाज असूनही 1901 मध्ये त्यांना पुन्हा उमेदवारी मिळाली.

टीकेला जागा आहे ती इथे. सर्वांना खूश ठेवणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा सराव उरत नाही. आमदार असताना रेल्वेचे फुकट पास त्यांनी घेतले, तेव्हा तसे घेणे रूढच होते, पण राष्ट्राध्यक्ष झाल्यावर अंतर्गत व्यवहार खात्याचे (सरकारी जमिनी सांभाळणारे खाते) मंत्री फॉल यांच्यावर त्यांनी टाकलेला विश्वास, लाच घेऊन सरकारी तेलक्षेत्रे खासगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने देण्याच्या प्रकरणात कसा बुडाला, हे आपण जाणताच. त्या प्रकरणाचे मूळ आपण महत्त्वाकांक्षेत शोधता, मी ते मॅरियनच्या संपादकीय टेबलाशी शोधतो.