‘भोगतोय म्हणजे पापी’? ज्यू धर्म असं म्हणत नाही

एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. ज्यू धर्मात म्हणे दुःख ही पापाचीच शिक्षा, देवाला जाब विचारणं महापाप, आणि म्हणून हिटलरच्या छळछावण्यांनंतर विचारी ज्यूंनी देव सोडला. उरले ते आंधळे. तिन्ही गोष्टी ठासून सांगितल्यात आणि तिन्ही चुकीच्या आहेत.

शिक्षेची कल्पना त्या परंपरेत नाहीच, असं नाही. ‘आमच्या पापांमुळे आम्ही देशोधडीला लागलो’ हे सणाच्या प्रार्थनेत आजही म्हणतात. सातमार या कर्मठ ज्यू पंथाचे रब्बी (धर्मगुरू) योएल टाइटलबाउम यांनी तर नरसंहाराचं खापर झायोनिझमवर, म्हणजे ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र उभारण्याच्या चळवळीवर फोडलं. पण तालमूद, म्हणजे रब्बींच्या वादचर्चांचा प्राचीन ग्रंथ, उघडून बघा. रब्बी अम्मी म्हणतात, पापावाचून मरण नाही. वाद रंगतो आणि शेवटी त्यांचंच म्हणणं खोडलं जातं: पाप नसतानाही मरण येतं. बायबलमधल्या ईयोब या नीतिमान माणसावर संकटं कोसळतात, तेव्हा त्याचे मित्र त्याला ‘तू काहीतरी केलं असशील’ म्हणत राहतात. अखेरीस देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर.

तालमूदातलीच आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रब्बी हिय्या आजारी पडतात. रब्बी योहानान भेटायला येऊन विचारतात, ‘हे भोग तुला हवेसे वाटतात का?’ उत्तर येतं, ‘भोगही नकोत आणि त्यांचं फळही नको.’ योहानान म्हणतात, ‘हात दे,’ आणि त्यांना उठवतात. पुढे योहानानच आजारी पडतात, तेव्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. हात द्यायला रब्बी हनीना येतात. दुःखाला गोंडस नाव द्यायला इथे कुणीच तयार नाही.

जाब विचारण्याबद्दल तर फार बोलायलाच नको. बायबलमध्ये देव सदोम नगर नष्ट करायला निघतो, तेव्हा ‘इतके नीतिमान सापडले तर नगर वाचवशील का’ म्हणत अब्राहाम त्याच्याशी पन्नासपासून दहापर्यंत घासाघीस करतो, आणि तोंडावर विचारतो, ‘साऱ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही का?’ हा अब्राहाम ज्यूंचा मूळपुरुष आहे.

आता तिसरा मुद्दा. नरसंहारानंतर अनेकांची श्रद्धा गेली, हे खरंच. रिचर्ड रूबेनस्टाईन यांनी १९६६ मध्ये इतिहास चालवणारा देव उघडपणे नाकारला, तरी ते रब्बी राहिले. दुसरे रब्बी एलिएझर बर्कोविट्स यांनी देवावरचा विश्वास सोडला नाही, पण छावण्यांत ज्यांचा विश्वास तुटला त्यांच्यापुढेही आपण नम्र व्हावं, असं लिहिलं. यात आंधळं कोण?

रब्बी कालोनिमस शापिरा वॉर्सॉच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, प्रवचनं देत. १९३९ च्या बॉम्बहल्ल्यांत त्यांचा मुलगा आणि सून गेले होते. १९४१ च्या हनुक्का सणाला ते म्हणाले, असे छळ आपल्या लोकांनी पूर्वीही सोसलेत, मग आताच श्रद्धा का डळमळावी? पुढच्या उन्हाळ्यात घेट्टोतली लाखो माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेऊन मारली गेली. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांनी त्या प्रवचनाला टीप जोडली: हे १९४२ च्या मध्यापर्यंतच खरं होतं, त्यानंतर जे झालं, तसं आमच्या इतिहासात कधीच घडलेलं नाही. पुढच्या नोव्हेंबरात तेही मारले गेले. दुधाच्या कॅनमध्ये पुरलेली ती पानं १९५० मध्ये सापडली. स्वतःचाच युक्तिवाद मागे घेणाऱ्या त्या टिपेत पुढे देवाकडेच मागणं आहे: दया कर, आम्हाला त्यांच्या हातून क्षणात सोडव.