‘रेल्वे केंद्राची, महापालिकेचा काय संबंध?’ : सोलापुरात फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. कुर्डुवाडी–सोलापूर–दुधनी मार्गावर रोज ये-जा करणाऱ्यांसाठी मेमू गाड्या (कमी अंतराच्या, विजेवर धावणाऱ्या लोकल) हव्यात आणि त्यांच्या नियोजनात महापालिकेने पुढाकार घ्यावा, अशी मागणी काही जण करतात. हा मजकूर त्या मागणीवर रागावून लिहिलेला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : रेल्वे केंद्राची आहे, महापालिकेला त्यात कायद्याने काहीच स्थान नाही. दुहेरीकरण झालंय, आता गाड्या आपोआप वाढतील. सोलापूर म्हणजे मुंबई नव्हे, इथे लोकलला माणसं कुठून येणार? महापालिकेकडे पैसा नाही. आणि जिला रोज पाणी देता येत नाही, तिने रेल्वेच्या गोष्टी करू नयेत.

हा राग कुठून येतो ते सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. पण रागात लिहिलेलं सगळं खरं नसतं, आणि हे वाचून लोक मागणीच सोडून देऊ लागले तर नुकसान मोहोळ, माढा, अक्कलकोटहून रोज शहरात येणाऱ्यांचं होणार आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘रेल्वे केंद्राची, महापालिकेला कायद्याने स्थान नाही.’

पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे केंद्रीय सूचीत आहे. रूळ, सिग्नल, डबे, वेळापत्रक, भाडं यांतलं काहीही ठरवण्याचा अधिकार महापालिकेला नाही आणि तो कुणी मागतही नाही.

दुसरं अर्धं मात्र चुकीचं आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची १८ कामं दिली आहेत. त्यात पहिलंच काम आहे नगररचनेसह नागरी नियोजन. रस्ते आणि पूलही त्याच यादीत आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ त्याच्याही पुढे जातो. विकास आराखड्यात काय काय असावं हे सांगणाऱ्या कलम २२ मध्ये वाहतुकीखाली रस्ते, महामार्ग, विमानतळ यांच्याबरोबर रेल्वेचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. हा आराखडा रेल्वे बोर्ड करत नाही, तो महापालिका करते. स्टेशनजवळची कुठली जमीन राखून ठेवायची, कुठला रस्ता किती रुंद करायचा, कुठे बसथांबा आणि कुठे वाहनतळ, हे त्यातच ठरतं.

सोलापूरकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. विमानवाहतूकसुद्धा केंद्राचाच विषय आहे. तरी होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली ती महापालिकेने, बांधकाम परवानगीच्या अधिकारात. ती पाडायला हवी होती की नव्हती यावर शहरात दोन टोकाची मतं आहेत आणि सभासद शेतकऱ्यांचं दुःख खरं आहे. पण ‘केंद्राच्या विषयात महापालिका काय करणार’ असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. विमानासाठी जे अधिकार वापरता येतात, ते रेल्वेसाठी नाहीसे कसे होतात?

‘दुहेरीकरण झालंय, गाड्या आपोआप वाढतील.’

हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

दौंड–सोलापूर–कलबुर्गी मार्गाचं दुहेरीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, विद्युतीकरणही झालं. काम मोठं आहे. एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाडी तासन्‌तास उभी राहायची तो त्रास कमी झाला, हे रोजचा प्रवासी सांगेल. पण हा मुंबई–चेन्नई मुख्य मार्ग आहे. नवी जागा मोकळी झाली की तिच्यावर पहिला हक्क सांगतात लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या. होटगी परिसरात सिमेंटचे कारखाने आहेत, एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाला कोळसा लागतो, पाकणीला इंधनाचे डेपो आहेत. मालवाहतूक हे रेल्वेच्या कमाईचं मुख्य साधन, त्यामुळे तिला प्राधान्य मिळणारच. १० फेब्रुवारी २०२३ ला वंदे भारत सुरू झाली, तिचा आनंद सगळ्यांना झाला, मलाही झाला. पण ती पहाटे मुंबईकडे निघते आणि मोहोळला थांबत नाही. मोहोळच्या विद्यार्थ्याला सकाळी कॉलेजला आणायला ती नाहीच.

सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत कमी अंतराच्या गाडीसाठी जागा हवी असेल, तर ती कुणीतरी आकडे घेऊन मागावी लागते. किती माणसं, कुठून कुठे, किती वाजता? हे आकडे रेल्वेकडे पूर्ण नसतात, कारण तिकीट खिडकीला फक्त आज रेल्वेने जाणारा दिसतो. एसटीच्या पासावर येणारा विद्यार्थी, वडापने (सीटवर भाडं घेणाऱ्या खासगी जीपने) येणारा कामगार आणि मोटारसायकलवर पन्नास किलोमीटर येणारा कारकून तिला दिसत नाही. शहराचा वाहतूक आराखडा करताना जे सर्वेक्षण होतं, त्यात तो दिसतो. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने शहरांनी असा एकत्रित आराखडा करावा म्हणून सांगितलं. २०१७ च्या मेट्रो धोरणाने तर मेट्रोला केंद्राचं साहाय्य हवं असेल तर तो सक्तीचाच केला. म्हणजे मागणीचा कागद शहरानेच तयार करायचा असतो. तो कागद नसेल, तर रेल्वेच्या विभागीय कार्यालयात दिलेलं निवेदन फाइलला लागतं आणि तिथेच राहतं.

‘सोलापूर म्हणजे मुंबई नव्हे, प्रवासी कुठून येणार?’

मुंबईसारखी दर चार मिनिटांनी लोकल कुणी मागितलेलीच नाही. पुणे–लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली, तेव्हा पुणे आजचं पुणे नव्हतं. मागणी आहे ती सकाळ-संध्याकाळच्या योग्य वेळेला धावणाऱ्या मोजक्या मेमू फेऱ्यांची.

आता नकाशा बघा. सोलापूरहून कुर्डुवाडी साधारण ८० किलोमीटर. वाटेत बाळे, पाकणी, मोहोळ, माढा. बाळे स्टेशन महापालिकेच्या हद्दीत आहे आणि तिथून विद्यापीठाचं केगावचं आवार जवळ. पाकणीजवळ चिंचोळी एमआयडीसी. दुसऱ्या बाजूला टिकेकरवाडी, होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी. उच्च शिक्षण, सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट, जिल्हाधिकारी कार्यालय यांसाठी या सगळ्या गावांना सोलापुरातच यावं लागतं. रेल्वेचा मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, त्यात ही सगळी गावं बसतात, कलबुर्गीसुद्धा बसतं. आणि पासाचा महिन्याचा खर्च बसपेक्षा किती कमी पडतो हे ज्याच्या घरात कॉलेजला जाणारी दोन मुलं आहेत त्याला विचारा.

पॅसेंजर गाड्या रिकाम्या धावायच्या, असाही दाखला मजकुरात आहे. कोविडनंतर पॅसेंजर गाड्या ‘एक्सप्रेस’ म्हणून चालवल्या गेल्या आणि किमान भाडं १० रुपयांवरून ३० रुपये झालं. ते पुन्हा १० वर आलं फेब्रुवारी २०२४ मध्ये. भाडं तिप्पट आणि वेळ गैरसोयीची असेल तर माणूस दुसरं साधन शोधतो. त्या काळातल्या रिकाम्या डब्यांवरून गरज मोजणं अन्यायाचं आहे.

मागणी करणाऱ्यांनाही इथे एक सांगायला हवं. सोलापूर–पंढरपूर रोजची लोकल ही कल्पना मनाला भावते, पण नकाशावर टिकत नाही. रस्त्याने पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. रेल्वेने आधी कुर्डुवाडीला वर जायचं आणि तिथून ५२ किलोमीटर खाली यायचं, म्हणजे १३० च्या पुढे. वारीच्या दिवसांत विशेष गाड्या ठीक, रोजच्या प्रवाशासाठी हा मार्ग नाही. विजयपूरचा मार्ग उपयोगी आहे, पण होटगीपासून तो नैर्ऋत्य रेल्वे या दुसऱ्या विभागाकडे जातो आणि पुढे राज्यही बदलतं, म्हणून त्याला वेळ लागेल. सुरुवात कुर्डुवाडी ते दुधनी या सरळ, विद्युतीकरण झालेल्या दुहेरी मार्गावरच व्हायला हवी.

अक्कलकोटचंही तसंच. स्टेशनचं नाव अक्कलकोट रोड, गाव तिथून दहा-अकरा किलोमीटर. गाडी आली आणि गावात न्यायला बस नसली, तर भाविक आणि विद्यार्थी दोघंही रस्त्यानेच येतील. इकडे सोलापूर स्टेशनवर उतरलेल्याला पूर्व भागात किंवा मार्केट यार्डात जायचं असेल तर गाडीच्या वेळेला जोडलेली सिटी बस हवी. ती परिवहन उपक्रमाची, म्हणजे महापालिकेची. आज उतरलेला माणूस रिक्षाला जे देतो, त्यात त्याच्या पासाची सगळी बचत जाते. रेल्वेने कितीही चांगली गाडी दिली तरी हा शेवटचा टप्पा ती देऊ शकत नाही.

जुळे सोलापूर या उपनगराचं उदाहरण मला सगळ्यात जास्त खुपतं. होटगीकडे जाणारा रूळ आसऱ्याच्या पुलाखालून जातो. दोन्ही बाजूंना गेल्या तीस-चाळीस वर्षांत केवढी वस्ती झाली. पण सोलापूर स्टेशन सोडलं की पुढचं स्टेशन थेट टिकेकरवाडी. मधे एक हॉल्ट (छोटा थांबा) असावा का, याचा निर्णय रेल्वे घेईल. त्या हॉल्टपर्यंत जायला रस्ता, जिना उतरायला जागा, रिक्षा वळायला चौक, हे सगळं महापालिकेने आराखड्यात आधी दाखवलेलं असलं तरच तो निर्णय होऊ शकतो. आज जी थोडी मोकळी जागा शिल्लक आहे तिच्यावर उद्या इमारतीचा परवाना निघाला, की हा प्रश्नच संपला.

‘महापालिकेकडे पैसा नाही.’

खरंच नाही. पण उपनगरी रेल्वेचा पैसा महापालिका देते, हे गृहीतच चूक आहे. मुंबईची कामं करणारी मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन १९९९ मध्ये स्थापन झाली, तिच्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९. हैदराबादची एमएमटीएस ही उपनगरी रेल्वे २००३ मध्ये धावू लागली, तिचा पहिला टप्पा रेल्वे आणि राज्याने निम्म्या-निम्म्या खर्चाने केला. आपल्याच दारातला सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्ग घ्या. ८४ किलोमीटरचा हा मार्ग, जानेवारी २०१९ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं, आणि निम्मा खर्च राज्य उचलतंय. कुर्डुवाडी–दुधनीला तर नवा रूळही टाकायचा नाही.

महापालिकेचा वाटा जमिनीचा, रस्त्याचा आणि वेळेवर घेतलेल्या निर्णयाचा आहे. आरक्षण आज टाकलं तर जमीनमालकाला पैशांऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देता येतो. वीस वर्षांनी तीच जागा बांधलेल्या घरांसह घ्यायची झाली, तर काय होतं ते उड्डाणपुलांच्या रेंगाळलेल्या भूसंपादनात शहराने पाहिलंय. पैसा नसलेल्या महापालिकेनेच तर हे लवकर करायला हवं.

तुळजापूरच्या मार्गामुळे घाईही आहे. तो सुरू झाला की सोलापूर हे जंक्शन होईल. त्या गाड्यांतून उतरणाऱ्या भाविकांची आणि रोजच्या प्रवाशांची गर्दी स्टेशनबाहेरच्या त्याच रस्त्यावर येणार आहे, जिथे आजच चालायला जागा नाही.

‘आधी पाणी द्या, मग रेल्वेचं बोला.’

या वाक्यावर टाळ्या पडतात, आणि पडणारच. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी रात्री जागणाऱ्या घराला ‘ते वेगळं खातं आहे’ असं सांगणं क्रूर वाटतं. तरीही ते वेगळं खातं आहे. उजनीच्या जलवाहिनीचा निधी, अभियंते आणि कंत्राटं यांतला एक रुपया किंवा एक माणूस इकडे वळवा, असं कुणी म्हणत नाही. लागतो तो नगररचना विभागाचा नकाशा आणि परिवहन उपक्रमाचं वेळापत्रक. दोन्ही खाती आजही पगारावर आहेत.

शिवाय पाण्याचा प्रश्न याच कारणाने इतका चिघळला. शहर वाढलं, हद्द वाढली आणि नियोजन मागे राहिलं. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी उभी राहिली, त्या रुळांच्या आधाराने हे गिरणगाव वाढलं. २०११ च्या जनगणनेत ते साडेनऊ लाखांचं होतं. पाण्यात झालेली चूक वाहतुकीत पुन्हा करायची, हा पाण्याच्या प्रश्नावरचा उपाय कसा होईल?

आता प्रश्न राहतो तो कुणाकडे जायचं हा. दहा लाखांच्या वरच्या महानगर क्षेत्रांसाठी घटनेत महानगर नियोजन समिती आहे; सोलापूर त्या आकड्याच्या आत आहे. पण जिल्हा नियोजन समिती आपल्याकडे आहे. कलम २४३ झेडडी प्रमाणे शहर आणि ग्रामीण भागाच्या सामाईक गोष्टी, पायाभूत सुविधांचा एकात्मिक विकास, हा तिच्याच कामाचा भाग आहे. तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. मोहोळ, माढा, अक्कलकोट आणि सोलापूर शहर एकाच सभागृहात बसतात अशी जिल्ह्यात ही एक जागा आहे. कुर्डुवाडी–दुधनी प्रवासी सर्वेक्षणाचा विषय तिच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि बाळे, आसरा, टिकेकरवाडी इथल्या जागा विकास आराखड्यात राखून ठेवाव्यात, असं लेखी पत्र आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आजच देता येतं. पोच मात्र घ्या.