आरसा म्हणता, मग टोपी कुठून आली?

दादा, टीव्ही-पेपरवाले मुसलमान कसे रंगवतात ह्यावरच्या माझ्या मागच्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं मुद्द्याला धरून लिहिलंय तर उत्तरही नीट द्यावं. तुमचं म्हणणं असं की मीडिया म्हणजे आरसा, घडतं तेच दाखवतो, २६/११ विसरलात का, आणि मला कळवळा फक्त मुसलमानांचाच येतो.

चला, २६/११ च घेऊ. सीएसटीवरचा कसाबचा तो फोटो आठवा, प्रेस फोटोग्राफर सेबॅस्टियन डिसूझांनी जिवावर उदार होऊन काढलेला. कार्गो पँट, गडद टी-शर्ट, पाठीवर सॅक, दाढी नाही, टोपी नाही, हातात बंदूक नसती तर कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी वळूनही बघितलं नसतं असा पोरगा. मग चॅनलवर दहशतवादाची बातमी लागली की ग्राफिकमध्ये दाढी, जाळीची टोपी नि मागे मिनार हे कुठून येतं? बंदूक तेवढी कसाबची ठेवली, बाकी ड्रेस नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा. आणि तेव्हाच मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी मेलेल्या ९ अतिरेक्यांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला साफ नकार दिला होता, प्रेतं वर्षभराहून जास्त जेजेच्या शवागारात पडून होती. ह्याचं एखादं चित्र तुमच्या डोळ्यांपुढे येतं का? माझ्याही येत नाही. न झालेल्या दफनाचा फोटो काढणार तरी कसा म्हणा.

मालेगावच्या बॉम्बस्फोटांचंही तेच. ८ सप्टेंबर २००६, शुक्रवार, त्यात शब-ए-बरात, मेले ते नमाजाला आलेले लोक आणि पकडले ९ मुसलमान. एप्रिल २०१६ मध्ये विशेष कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं, तोवर एक जण वारलाही होता. अटकेची बातमी पहिल्या पानावर, सुटकेची शोधावी लागते.

एक मात्र मान्य, मागच्या पोस्टमध्ये 'सगळा मीडिया' लिहिलं ते चुकलंच, गावोगावचे कितीतरी पत्रकार नेटाने काम करतात. आणि दिल्लीच्या निजामुद्दीन मरकझवाल्यांनी, म्हणजे तबलिगी जमात ह्या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेने, कोरोनाच्या तोंडावर मार्च २०२० मध्ये एवढी माणसं जमू दिली हा बेजबाबदारपणा होता, हेही लिहून देतो. पण त्यानंतर टीव्हीवर जे चाललं त्याबद्दल मी काय बोलणार, मुंबई हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठच बोललंय. २१ ऑगस्ट २०२० ला नगर जिल्ह्यातल्या केसेसमधल्या २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना कोर्टाने म्हटलं की ह्यांना बळीचा बकरा केलेलं दिसतं, आणि छापील नि इलेक्ट्रॉनिक मीडियातल्या मोठ्या प्रॉपगंडाचाही उल्लेख केला.

आता माझ्या डोळ्यांदेखत झालेलं सांगतो. आमच्या सोसायटीत बारा-चौदा वर्षं केळी विकायला येणारे चाचा आहेत, माझ्या मुलीला फणीमागे एक केळं वरचं द्यायचे. त्या एप्रिलमध्ये ग्रुपवर फळांना थुंकी लावणाऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ आला, कुठला, कधीचा, कुणी विचारलं नाही, संध्याकाळपर्यंत वॉचमनला सांगून झालं की त्यांना आत सोडू नको. बाकीचे भाजीवाले येत राहिले. मी पण तेव्हा गप्पच बसलो, हे तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगतो.

चाचा आता परत येतात, पण गाडी गेटबाहेरच लावतात, आत या म्हटलं तर 'इधरीच ठीक है साब' म्हणतात. कोर्टाच्या निकालाची बातमी मी त्याच ग्रुपवर टाकली होती. दोन अंगठे आले, त्यातला एक बायकोचा.