एनसीसीचा बॅनर दिसतो, रिझल्ट कुठाय?

26 जानेवारी जवळ आली की एनसीसीच्या रील्स सुरू होतात. आरडीसी म्हणजे दिल्लीचा प्रजासत्ताक दिन कॅम्प, कर्तव्यपथ, आणि तिथे सर्वोत्तम ठरलेल्या डायरेक्टोरेटला (एनसीसीच्या राज्य पातळीवरच्या विभागाला) मिळणारा पंतप्रधानांचा बॅनर. आपल्या महाराष्ट्र डायरेक्टोरेटने तो 2022, 23, 24 असा लागोपाठ मारला, भारीच वाटतं. मी पण कॉलेजात एनसीसी केलीय, सी सर्टिफिकेट (एनसीसीची सगळ्यात वरची परीक्षा) आहे माझ्याकडे, तेव्हा 'हा एनसीसीविरोधी' असली कमेंट टाकायच्या आधी जरा पुढे वाचा.

बॅनर कळतो तो निवडून निवडून दिल्लीला नेलेल्या पोरांवरून. मागे राहिलेल्या लाखोंना काय मिळालं, ते कुठे कळतं? 1948 ला 20 हजार कॅडेट्स होते, मंजूर संख्या 17 लाखांवर गेली, 2024 मध्ये अजून 3 लाख वाढवायचं ठरलं. लोकसभेत प्रश्न विचारला तरी उत्तरात राज्यवार कॅडेट्सचे आकडेच येतात. भरती किती झाली एवढंच, पुढे काय झालं त्याचं नाव नाही.

एनसीसीची उद्दिष्टं तर लिहून ठेवलेली आहेत, चारित्र्य, शिस्त, नेतृत्व आणि सैन्यात जायची प्रेरणा. चारित्र्य मोजणं अवघड, मान्य. पण फर्स्ट इयरला किती घेतले, मधेच किती गळाले, सी पर्यंत किती पोचले, त्यातले आर्मी-नेव्ही-एअरफोर्सला किती लागले हे मोजायला काय रॉकेट सायन्स लागतं? परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते म्हणजे परेडची हजेरी कुठेतरी लिहिलेली असतेच ना.

आता यातली खरी गोम. एनरोलमेंटच्या दिवशी ग्राउंडवर काय होतं आठवा, पीआय स्टाफ (सैन्यातून आलेले प्रशिक्षक) आधी पळवतात, मग उंची बघतात, छाती बघतात, दोनचार प्रश्न विचारतात आणि जे आधीच फिट आणि चुणचुणीत तेच आत, बाकीचे घरी. मग तीन वर्षांनी 'बघा आमचे कॅडेट्स किती पुढे गेले' म्हणायचं! अहो ती पोरं एनसीसी नसती तरी पुढे गेली असती कदाचित, कळणार कसं?

कळतं पण. अमेरिकेत नॅशनल गार्डचा यूथ चॅलेंज म्हणून प्रोग्रॅम आहे, शाळा सोडलेल्या 16 ते 18 च्या पोरांसाठी. जागा कमी, अर्ज जास्त, मग त्यांनी काही ठिकाणी चक्क लॉटरी काढली आणि नंबर न लागलेल्या पोरांचीही पुढची काही वर्षं माहिती ठेवली. तीन वर्षांनी प्रोग्रॅमवाल्यांचं शिक्षण आणि कमाई जास्त निघाली, पण गुन्हे आणि तब्येतीच्या बाबतीत फारसा फरक नाही. आणि हे 'फरक नाही' सुद्धा त्यांनी छापलं, मला ते सगळ्यात आवडलं. ब्रिटनचं संरक्षण खातं तर कॅडेट्सची आकडेवारी दरवर्षी जाहीर करतं, शिवाय नॉर्थम्प्टन युनिव्हर्सिटीकडून काही वर्षांचा अभ्यास करून घेऊन 2021 ला रिपोर्ट काढला. आपल्याकडेही बऱ्याच कॉलेजात जागांपेक्षा पोरं जास्त असतात. किमान फिटनेस बघा आणि शेवटच्या काही जागा चिठ्ठ्या टाकून भरा, आयता अभ्यास तयार.

एक भीती मात्र खरी आहे. आकडे मागितले की आकडे 'बनवले' जातात, नॅकच्या (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीवेळी फायली कशा रातोरात जाड होतात ते प्राध्यापक मंडळींना विचारा. आणि एएनओ (कॉलेजात एनसीसी सांभाळणारा प्राध्यापक) बिचारा आधीच लेक्चर, परीक्षा, कॅम्प सगळं ओढतोय, त्याच्या डोक्यावर अजून एक एक्सेल टाकू नका, हे काम बाहेरच्या माणसांनी करावं.

दर थोड्या दिवसांनी कोणीतरी 'एनसीसी सक्तीची करा' म्हणतं. 62 च्या युद्धानंतर 1963 मध्ये केलीच होती, 1968 ला परत ऐच्छिक झाली. परत करायची तर कशाच्या जोरावर, ते आकड्यात सांगा.

एनसीसीच्या खर्चात राज्याचाही वाटा असतो, म्हणजे हा प्रश्न विधानसभेत विचारता येतो. ओळखीत कोणी आमदार असेल तर नागपूर अधिवेशनाआधी एवढंच टाकायला सांगा: जिल्हावार भरती किती, गळती किती, सी सर्टिफिकेट किती, सैन्यात किती. पोस्ट कॉपी करून पाठवली तरी चालेल, माझं नाव नको.